स्वामीबाईंची लाईन

स्वामीबाईंना दोन आवाज होते. घरात, अंगणात, पाण्याच्या टँकरपाशी त्या आमच्या लातूरच्या इतर बायांसारख्याच बोलत. "काय करून राहिलास रे?" "लई ऊन हाय बाबा आज." पण फोन कानाला लागला की त्यांच्या घशातून दुसरीच बाई बाहेर येई. प्रत्येक अक्षर धुऊन, पिळून, दोरीवर वाळत घातल्यासारखं. "नमस्कार. बोला. आपला आवाज स्पष्ट येतो आहे." पलीकडे दूधवाला असला तरी हेच. नवा दूधवाला पहिल्यांदा हे ऐकून घाबरला आणि "चुकून लागला" म्हणून फोन ठेवून दिला. दोन दिवस दूध आलं नाही.

महानंदा स्वामी हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर उदगीरचं. रागावल्या की कानडीत उतरत, आणि राग गेला की "होग्ली बिडी" म्हणत. म्हणजे जाऊ द्या, सोडा. एकविसाव्या वर्षी नांदेडच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागल्या, मग लातूरला बदली झाली ती निवृत्त होईपर्यंत. नवरा शाळामास्तर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी हुबळीला. लातूरच्या त्या दुमजली घरात खाली बाई आणि वर भाडेकरू म्हणून आम्ही. मी, बायको वैशाली आणि आमची तेव्हा बोबडं बोलणारी मुलगी.

मी एका विमा कंपनीत दाव्यांच्या कागदांची छाननी करतो. त्या काळात कंपनीनं घरूनच काम करायला सांगितलं होतं. बाईंच्याच घरगुती इंटरनेटवर माझं काम चाले. एकदा त्या निवडलेली मेथी द्यायला वर आल्या आणि माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाल्या, "हे कुलूप कसलं?"

मी म्हणालो, "ऑफिसची लाईन आहे, बाई. व्हीपीएन म्हणतात. इंटरनेट तुमचंच, पण इथून ऑफिसपर्यंत माझ्यासाठी एक बंद नळी टाकलेली असते. मधल्या कुणाला आत काय चाललंय ते दिसत नाही."

"इंटरनेटवाल्यालाबी न्हाई?"

"त्यालाही नाही. नळी कुठून कुठं गेली एवढं दिसतं."

बाई मेथी तशीच हातात धरून खुर्चीवर बसल्या. "म्हणजे मधल्या बाईला ऐकूच येत न्हाई, अशी लाईन?"

"कोण मधली बाई?"

"मी की रे! मीच होते ना ती जन्मभर."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी परगावी बोलायचं तर ऑपरेटरकडं कॉल नोंदवायचा. ती बाई दोन गावं जोडून द्यायची. बोलणं सुरू झालं की नाही ते बघायला एक कळ असायची. ती दाबली की दोन्हीकडचं ऐकू यायचं. नियम असा की लाईन जुळली एवढं ऐकायचं आणि कळ सोडायची. "सोडायची," बाई म्हणाल्या, "पण सगळ्या सोडायच्या न्हाईत. कुणाचं लग्न मोडलं, कोण कुणाला भेटणार हाय, आमच्या ऑफिसात डबे उघडायच्या आधी माहीत असायचं. मला लई किळस यायची. मी कळ सोडायची आन मनात 'नमः शिवाय' म्हणायची. माझ्या बोर्डावर नंबर लागला तर गावातली माणसं खुशाल बोलायची."

गावात त्यांना याचा मान होता. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट तिथंच थांबते, हे लातुरातल्या दोन पिढ्यांना माहीत होतं. सासुरवाशिणी त्यांच्या पायरीवर येऊन बसत, मोकळ्या होत आणि जात. बाई उपदेश करीत नसत. मध्येच "हाव", "मग?" एवढंच.

तर त्या कुलपानं बाईंना वेड लावलं. आठच दिवसांत त्यांनी आपल्या मोबाइलवर फुकटातलं एक व्हीपीएन उतरवून घेतलं. मला विचारलंही नाही. त्यात देश निवडायचा होता. ट्यूलिपची फुलं आवडतात म्हणून नेदरलँड निवडला आणि विसरून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बँकेचं ॲप बंद पडलं. बाई मला घेऊन शाखेत गेल्या. काउंटरवरची मुलगी पडद्याकडं बघत म्हणाली, "आजी, तुम्ही काल नेदरलँडला होतात?"

"काल? काल मी उदगीरला होते. भावकीत बारसं होतं."

"पण इथं तर नेदरलँड दिसतंय."

बाईंचा फोनवरचा आवाज सुरू झाला. "आपल्या माहितीत त्रुटी आहे. कृपया पुन्हा तपासून पाहावे."

मी मध्ये पडलो, खुलासा केला. मुलीनं हसत खातं मोकळं करून दिलं. रांगेत मागं उभा असलेला एक म्हातारा मात्र गंभीरपणे म्हणाला, "बाई, नेदरलँडला सोयाबीन होतंय का हो?" बाई म्हणाल्या, "बघितलं न्हाई, घाईत होते."

घरी आल्याबरोबर त्यांनी ते ॲप काढून टाकलं. बँकेमुळं नव्हे, दुसऱ्याच कारणानं. चहा गाळता गाळता म्हणाल्या, "संतोष, मला एक सांग. ही लाईन ते फुकट कामून देऊन राहिलेत? आमच्या ऑफिसात एखादी बाई पगार न घेता बोर्डावर बसली असती, तर ती कशासाठी बसली असती? ऐकायलाच ना!"

एवढी वर्षं कॉम्प्युटरवर काम करून मला हे सुचलं नव्हतं. मीही त्याच संध्याकाळी माझ्या मोबाइलवरचं तसलंच एक ॲप गुपचूप काढून टाकलं.

पुढच्या गल्लीत कमलबाई रेणापूरकर शिकवणीच्या पोरांसाठी खानावळ चालवत. त्यांची सुवर्णा नर्स होऊन जर्मनीला गेली होती. तिच्या तिथल्या दवाखान्याला इकडच्या नोंदणीचा नवा दाखला हवा होता. अर्ज इथल्या सरकारी संकेतस्थळावर करायचा, आणि ते संकेतस्थळ परदेशातून उघडतच नव्हतं. तिनं पैसे भरून व्हीपीएन घेऊन पाहिलं, त्याचा भारतातला पत्ता त्या संकेतस्थळाला पटेना. इथून दुसऱ्या कुणी अर्ज भरावा तर त्यात कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःचा चेहरा दाखवायचा होता. दाखला नाही तर पुढच्या महिन्यापासून काम नाही, काम नाही तर परत. कमलबाई बाईंच्या पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत होत्या.

बाईंनी मला खालून हाक मारली. "संतोष, तुझ्या ऑफिसनं नळी टाकली तशी आपल्या घरातून टाकता येती का? सुवर्णा तिकडं बसंल, पण सरकारला वाटंल ती माझ्या माजघरात बसलीय. आन तसं बघितलं तर खोटं काय त्यात? लेकरू आपलंच हाय."

येत होतं. पुठ्ठ्याच्या डबीएवढा एक छोटा कॉम्प्युटर राउटरला जोडून ठेवायचा, तोच दाराशी बसलेला राखणदार. ज्याच्याकडं किल्ली, म्हणजे एक लांबलचक गुप्त अक्षरमाळ, त्यालाच आत घ्यायचं. अडचण एकच. बाहेरून घर सापडायला इंटरनेटचा पत्ता कायमचा एक हवा, आणि घरगुती जोडणीचा पत्ता तर सारखा बदलत असतो.

इंटरनेटवाला गौस आला. कॉलनीतल्या सगळ्या तारा त्याच्याच खांद्यावर. तो म्हणाला, "बाई, घरगुतीला पक्का नंबर कायको होना? दुकानवालेच घेतात ते. तुमी काय कंपनी काढून राहिलेत का?"

"गौस, तुझी सासुरवाडी कुठली?"

"देगलूर."

"त्यांच्या टेलिफोनचा नंबर रोज बदलला असता तर तुझं लग्न जमलं असतं का?"

गौस विचारात पडला. "आमचं फोनवरच जमलं, बाई."

"आन ती लाईन कुणी जोडली असंल?"

गौसनं पक्का नंबर तर दिलाच, वर राउटर भिंतीवर नीट ठोकून दिला. जाताना बाईंच्या पाया पडला. त्याला मनापासून वाटलं होतं की त्याचं लग्न यांनीच जुळवलं. मी नंतर बाईंना विचारलं, "खरंच तुम्ही जोडली होती?" त्या म्हणाल्या, "त्याच्या लग्नाच्या कितीतरी आधी सगळं आपोआप झालं होतं. पण मी जोडली असं मी कुठं म्हणलं? मी विचारलं फक्त."

अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. लाईन आदल्या दिवशीच जुळली होती, सुवर्णा तिकडून दुपारच्या सुट्टीत, म्हणजे आपल्या संध्याकाळी, बसणार होती. आणि त्याच दिवशी बारा वाजता आमच्या भागातली वीज गेली. कुठंतरी दुरुस्ती चालली होती. बाईंचा इन्व्हर्टर साडेपाचला मान टाकू लागला, पावणेसहाला मेला. मोबाइलवरून जोडावं तर तो पक्का नंबर मोबाइलला कुठला! शेजारीपाजारी सगळ्यांचीच बॅटरी संपलेली. सुवर्णाचा फोन आला, "मावशी, अर्ध्यात बंद पडलं, आता कसं?" तिची सुट्टी तासाभराची. कमलबाई आमच्या दारात बसकण मारून बसल्या.

तेवढ्यात चौकातून वाजतगाजत एक परण्या आला. नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या दर्शनाला निघालेला. पुढं बँड, पोरं नाचताहेत, मागं हातगाडीवर भोंगे आणि दिव्यांची झुंबरं, आणि त्यामागं धडधडत चाललेला जनरेटर.

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मला वाटलं तेच त्यांना वाटलं होतं, पण मला लाज वाटत होती, त्यांना नाही. त्यांनी वायरचं लांब वेटोळं उचललं आणि चपला न घालता रस्त्यात जाऊन हातगाडीसमोर उभ्या राहिल्या. बँडवाला ओरडला, "आजी, सरका! मारुतीला उशीर होऊन राहिलाय!"

"आपल्याला वीस मिनिटांची विनंती आहे," बाई फोनवरच्या आवाजात म्हणाल्या. त्या आवाजानं बँडवाला एकदम सरळ उभा राहिला.

"काय पायजे?"

"करंट. जर्मनीला लाईन लावायची हाय."

नवरदेवाचा मामा पुढं आला. भगवा फेटा, कपाळावर घाम. बाईंनी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि दारात बसलेल्या कमलबाईंकडं बोट दाखवलं. मामानं तिकडं बघितलं. मग वळून त्यानं हात वर केला, "हितंच नाचा रे! जागचे हलू नका! आपल्या लातूरच्या पोरीचं काम हाय!"

मी वायर जोडली. झुंबरांचे निम्मे दिवे विझले आणि राउटरचा हिरवा दिवा लागला. पोरं आमच्या दारात अशी नाचली की विचारू नका. गर्दीत बातमी फिरत गेली तशी वाढत गेली. कुणी म्हणे जर्मनीत ऑपरेशन चाललंय, कुणी म्हणे लग्नच चाललंय. इकडं सुवर्णाचा अर्ज शेवटच्या पानावर आला आणि तिथं गाडी अडली. सांकेतिक आकडा तिच्या भारतातल्या नंबरवर जाणार होता, आणि ते सिम कमलबाईंच्या फोनमध्ये. कमलबाईंना आकडे वाचता येत, पण चष्मा खानावळीत राहिलेला. त्यांनी फोन सरळ मामाच्या हातात दिला. मामा ओरडून आकडे सांगतोय, बँड कानठळ्या बसवतोय, बाई एक बोट कानात घालून सुवर्णाला सांगताहेत, "चार. सात. शून्य. पुन्हा सांगते. चार. सात. शून्य." आयुष्यभर गोंगाटात आकडे सांगितलेली बाई. एकही आकडा चुकला नाही.

अर्ज गेला. सुवर्णा पलीकडं रडायला लागली, अलीकडं कमलबाई. बाईंनी घरात जाऊन ताम्हन आणलं, नवरदेवाला ओवाळलं आणि म्हणाल्या, "जा बाबा. मारुतीला सांग, उशीर माझ्यामुळं झाला."

त्यानंतर लाईनची कीर्ती पसरली. कुणाचा भाचा मस्कतला, कुणाची सून कॅनडात. कुणाला सातबारा बघायचा, कुणाला आपल्याकडची मराठी मालिका. बाई हळूहळू नऊ जणांना किल्ल्या देऊन बसल्या. त्यातला एक महेश, त्यांच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. आई गेल्यावर चार वर्षं बाईंकडंच वाढलेला. आता आखाती देशात एका हॉटेलात होता. त्याला किल्ली मागावी लागली नाही, बाईंनीच दिली.

एका सकाळी अकराच्या सुमारास दारात पोलिसांची गाडी उभी राहिली. एक तरुण फौजदारबाई आणि एक हवालदार. उदगीरच्या एका शिक्षिकेला खोट्या नावानं कुणीतरी घाण संदेश पाठवत होतं. दीड महिना. ती शाळेत जायची बंद झाली होती. संदेश कुठून येतात याचा माग काढला तर पत्ता निघाला हा. महानंदा स्वामी यांचं घरगुती इंटरनेट.

डबी मीच बसवली होती.

बाईंनी फौजदारबाईंना पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या लाईनवर कोण काय बोललं ते मला ठाऊक न्हाई. ऐकायची सोयच न्हाई तिथं. पण किल्ल्या कुणाला दिल्या ती नऊ नावं ठाऊक हायत. लाईन माझी हाय, तर जबाब मीच देणार. मला चार वाजेपर्यंत वेळ द्या. मी स्वतः ठाण्यात येते."

फौजदारबाई जरा घुटमळल्या. "आजी, तोवर त्यानं सगळं पुसून टाकलं म्हणजे?"

"तुमी संदेशांचा आन पत्त्याचा छापील कागद तर काढलाय ना? मग त्यानं काय पुसायचं ते पुसू द्या."

हवालदाराला अंगणात बसवून फौजदारबाई गेल्या. बाईंनी दार लोटून घेतलं आणि एकेकाला फोन लावू लागल्या. मी समोर होतो. प्रत्येकाला तोच आवाज, तेच वाक्य. "महानंदा बोलतेय. माझ्या लाईनवरून एका मुलीला त्रास झाला आहे. आपल्याला काही सांगायचं आहे का?" कुणी घाबरलं, कुणी "अरे देवा" म्हणालं, एकानं रूममेटला किल्ली दिल्याचं कबूल केलं आणि त्याला तिथंच विचारून घेतलं. सहावा फोन महेशचा.

बाई "महेश, मावशी बोलतेय" एवढंच म्हणाल्या होत्या. तो पलीकडून म्हणाला, "मावशी, तू माझ्यावर संशय घेतेस?"

बाईंनी डोळे मिटले. "मी अजून कायबी विचारलं न्हाई, लेकरा."

मग बराच वेळ तोच बोलला. त्या मुलीकडं त्याचं स्थळ गेलं होतं. तिनं नाही म्हटलं होतं. एवढंच. बाई "मग?" म्हणाल्या नाहीत की "हाव" म्हणाल्या नाहीत. शेवटी त्यांचा घरातला आवाज फुटला आणि त्याच्या जागी दुसरा आला. "आपली लाईन बंद करण्यात येत आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. उरलेल्या तिघांनाही त्यांनी फोन लावले. कारण सांगितलं होतं नऊ, तर नऊ.

साडेतीनला आम्ही ठाण्यात निघालो. गाडीत मी चाचरत म्हणालो, "बाई, तुम्ही आयुष्यात कुणाचं गुपित फोडलं नाही…"

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या तीन दिवस बोर्डावरून उठल्या नव्हत्या. ठाणे शहराहून एक माणूस दर तासाला फोन करायचा. किल्लारी द्या. लाईन नाही. किल्लारी द्या. लाईन नाही. तिसऱ्या दिवशी तात्पुरती तार पडली, बाईंनी त्याला जोडून दिलं आणि कळ सोडली. "काय बोलणं झालं मला ठाऊक न्हाई. पण बोलणं संपल्यावर त्यानं फोन ठेवला न्हाई. म्हणला, बाई, तुमी हायत का तिथं? मी म्हणलं, हाय. मग तो रडला. मी ऐकत बसले. नियम मोडला मी. कळ सोडायची कधी आन दाबून बसायचं कधी, ते ज्याचं त्याला कळायला पायजे, संतोष. गुपित राखणं येगळं आन पाप झाकणं येगळं."

ठाण्यात त्यांनी महेशचं नाव, गाव, नातं लिहून दिलं. नात्याच्या रकान्यात "बहिणीचा मुलगा" लिहिताना हात थांबला नाही. मेहुण्यानं, म्हणजे महेशच्या वडिलांनी, त्या दिवसापासून बोलणं टाकलं. महेशवर गुन्हा दाखल झाला, सुट्टीवर आल्यावर त्याला जबाब द्यावा लागला, त्या मुलीची लेखी माफी मागावी लागली.

पण बाईंना तेवढ्यानं पुरलं नाही. पुढच्या रविवारी मला घेऊन त्या उदगीरला गेल्या. त्या शिक्षिकेच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या घरातून तुला त्रास झाला, बाय. मला ठाऊक नव्हतं, पण घर माझं होतं. माफी मागायला आले." तिची आई कानडीत काहीतरी तडकून बोलली, बाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. मग मुलगीच म्हणाली, "आई, थांब. सगळे म्हणत होते, जाऊ दे, नाव कशाला घ्यायचं. यांनी नाव घेतलं." तिनं बाईंना हाताला धरून आत नेलं. आम्ही भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला पोटभर खाल्ला. निघताना ती आईच बाईंच्या ओटीत तांदूळ घालायला पुढं आली आणि मग त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं बघून थबकली. मुलीनं आईच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतः ओटी भरली.

लाईन पंधरा दिवस बंद होती. मग बाईंनी सगळ्या जुन्या किल्ल्या रद्द करून पाचच नव्या दिल्या. ज्यांचं तोंड बघितलंय त्यांनाच, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात दिसली की लाईन गेली, हे बजावून. सुवर्णाची पहिली.

फौजदारबाई मात्र त्यांच्या प्रेमातच पडल्या. कॉलेजात मुलींपुढं बोलायला जायचं असलं की बाईंना सोबत नेऊ लागल्या. तोवर माझी बदली नांदेडला झाली होती. वैशाली तिथल्या एका महिला महाविद्यालयात शिकवू लागली होती, तिनं बाईंना बोलावलं.

बाई सकाळच्या गाडीनं एकट्या आल्या. हातात पिशवी, पिशवीत आमच्या मुलीसाठी शेंगदाण्याच्या पोळ्या. सभागृहात दोनशे मुली. प्राचार्यांनी लांबलचक ओळख करून दिली. बाई उठून म्हणाल्या, "मी टेलिफोनवाली. मला इंजिनीअर समजू नका." आणि मग सगळं सांगितलं. फुकटची लाईन, नेदरलँड, परण्या. मुली हसून हसून लोळल्या. महेशचंही सांगितलं, तेही "माझ्या बहिणीचा मुलगा" म्हणूनच.

एका धीट मुलीनं विचारलं, "आजी, व्हीपीएन लावलं म्हणजे आपण कुणालाच दिसत नाही ना?"

"डोक्यावरून पदर घेतला म्हणून बाई कोण हाय ते गावाला कळत न्हाई का? चालीवरनं कळतं. तू तुझ्याच नावानं तिथं जाऊन बोललीस तर पदराचा काय उपयोग? पदर वाऱ्याधुळीसाठी असतो. चाल आपली आपणच सुधारायची."

टाळ्या झाल्या. साडेतीनची लातूरची गाडी धरायची होती. मी गाडी घेऊन फाटकाशी थांबलो. मुली पांगल्या, बाई काही येईनात. आत जाऊन बघतो तर लिंबाच्या पारावर त्या बसलेल्या, शेजारी एक बारीकशी मुलगी. सभागृहात ती शेवटच्या ओळीत होती, तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता. आता मात्र खाली बघून बोलत होती आणि तिच्या मोबाइलच्या पडद्यावरचं काहीतरी बाईंना दाखवत होती. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला होता. मी घड्याळ दाखवायला हात वर केला. त्यांनी माझ्याकडं न बघताच तळहात उभा केला. थांब.

पाऊण तास गेला. गाडी गेली. शेवटी बाईंनी फौजदारबाईंचा नंबर त्या मुलीला दिला, तिच्यासमोरच फोन लावला, बोलणं करून दिलं, आणि फोन तिच्या हातात देऊन स्वतः उठून माझ्याकडं चालत आल्या.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"बोलत होती."

"पण काय?"

"तिचं तिचं." आणि मग, "भूक लागली रे. तुमच्या नांदेडात भजी चांगली कुठं मिळतात?"

दोन महिन्यांनी बाई आपल्या लेकीकडं हुबळीला गेल्या त्या कायमच्या. जाण्याआधी पाचही जणांना स्वतः फोन करून लाईन बंद होत असल्याचं सांगितलं. अधूनमधून आमचं फोनवर बोलणं होतं, अगदी स्पष्ट आवाजात. पण समोरासमोर त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी, नांदेडच्या बसस्थानकावर.

साडेपाचच्या गाडीला तोबा गर्दी होती. मी खिडकीतून पिशवी टाकून त्यांना जागा धरून दिली. बाई आत चढल्या, पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला. मी खालून काहीबाही सूचना देत होतो, पोचल्यावर फोन करा, पाणी जवळ ठेवा. त्यांचं लक्ष नव्हतं. दारातून एक बाई वर चढली होती. कडेवर मूल, हातात गाठोडं, आणि उभं राहायलाही जागा नाही. स्वामीबाई दोन माणसांच्या बाकावर तिसरीसाठी अंग चोरून घेत होत्या, शेजारच्या माणसाला कोपरानं सरकवत होत्या. गाडी हलली. इंजिनाच्या आवाजातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. घरातला.

"ये गं, इकडं ये. हाय जागा."